क्लूनाराची मागची खिडकी

ज्यांना हे खोटं वाटेल त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाला काही पटवायचं नाही.

यातला बराचसा भाग माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलाय, उरलेला माझ्या स्वतःच्या. घराचं नाव तेवढं मी बदललंय, कारण तिथे आता हॉटेल आहे आणि हॉटेलवाल्यांकडे वकील आहेत. माझ्याकडे शाळेच्या बसची नोकरी आहे आणि ती मला हवी आहे.

तारीख बारा जानेवारी १९८७. सोमवार. गाव आयर्लंडमधल्या रॉसकॉमन परगण्यातलं. घर क्लूनारा हाऊस.

रात्र नव्हती. भर दुपार होती. भुताला अंधारच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी क्लूनारात एक दुपार काढून पाहावी.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की आधी खिडकी उघडतात. रडणं नंतर. दोन तास ती उघडी ठेवायची, मग लावून घ्यायची, गेलेलं माणूस परत फिरू नये म्हणून. त्या दोन तासांत पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये कुणीही उभं राहायचं नाही. वाट अडली तर माणूस आतच राहतो.

हे आम्हाला कुणी शिकवत नाही. आईच्या हातून कानशिलात बसते तेव्हा कळतं.

क्लूनाराचं दुखणं हेच होतं. त्या घराने मालक बदलले, रंग बदलले, छप्पर दोनदा बदललं. पण त्या घरात कुणाच्याही मरणाला कधी खिडकी उघडली नाही.

आधी दोनशे वर्षं थॉर्ली होते. जमीनदार लोक. त्यांच्यात कुणी गेलं की उलट झडपा बंद करून काळे पडदे सोडत. माझी आजी अट्रॅक्टा चौदाव्या वर्षी तिथे भांडी घासायला लागली. तिची मोठी बहीण डीलिया आधीपासून स्वयंपाकघरात होतीच. १९१८च्या नोव्हेंबरात तापाची साथ आली आणि डीलिया स्वयंपाकघराच्या वरच्या मागच्या खोलीत तीन दिवसांत गेली. सतरा वर्षांची पोर.

आजी खिडकीकडे धावली. घरकारभारीण मिसेस पिमने तिचं मनगट धरलं.

"खाली धाकट्या बाईसाहेब छातीच्या दुखण्याने पडल्यात. गार वारा आलेला चालणार नाही."

संध्याकाळी त्या खिडकीला खिळे ठोकले. खिळे आजीनेच आणून दिले. तिला सांगितलं आणि तिने आणले.

ही गोष्ट तिने आयुष्यभर स्वतःला माफ केली नाही.

पुढे चार वर्षांनी थॉर्ली रातोरात निघून गेले. तेव्हा देशभर जमीनदारांची घरं पेटवली जात होती. गावातली पोरंही पेट्रोलचे डबे घेऊन घर जाळायला गेली. माझ्या आजोबांचा भाऊ मार्टी त्यांच्यात होता. घर रिकामं होतं. कुत्रंसुद्धा नव्हतं. पोरं पायऱ्यांपर्यंत पोचली आणि...

आतून काचांवर टकटक सुरू झाली.

एका काचेवर नाही. सगळ्या.

डबे तिथेच टाकून पोरं पळाली. मार्टी पुढे साठ वर्षं जगला, पण त्या फाटकावरून जाताना सायकलवरून उतरून पलीकडच्या कडेने चालायचा.

मग नन्स आल्या. बेचाळीस वर्षं त्यांचं शाळा-वसतिगृह तिथे होतं. त्यांची मोठी मदर बेल्जियमची. खिडकीचं नाव काढलं की म्हणायची, "हे देवाचं घर आहे. इथे टोणेटोटके चालणार नाहीत." तिच्या राज्यात अकरा म्हाताऱ्या नन्स त्या घरात गेल्या. अकरा वेळा खिडक्या बंद.

१९७१मध्ये जर्मनीहून राऊपाख साहेब आले. माणूस देवासारखा. पण थंडीला फार भ्यायचा. त्याने सगळ्या मागच्या खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या आणि रबर लावून कायमच्या सील केल्या. माझी डिम्पना आत्या तेव्हापासून घर सांभाळायला होती. राऊपाखबाई ऐंशी साली गेल्या. आत्या उशाशी होती. उघडायला खिडकीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी जिन्यात बाईंच्या सेंटचा वास आला.

आत्या म्हणायची, वासाचं काही नाही गं, वास राहतो. पण तो वास जिना चढत होता.

तर असं हे घर. आणि या घरात, डीलिया जिथे गेली त्याच मागच्या खोलीत, १९८६च्या हिवाळ्यात माझी आजी येऊन पडली. तिच्या स्वतःच्या झोपडीचं छप्पर खचलं होतं, माझे बाबा मँचेस्टरला कारखान्यात होते. आत्याकडे हीच एक ऊबदार खोली होती.

"डिम्पना, मला या घरात मरू देऊ नकोस," आजी म्हणायची.

"मग कुठे मरायचंय तुला? शेजारच्या सबिनाकाकूंच्या गोठ्यात?"

"गोठ्याला निदान दार आहे."

"मॅमी, साहेबांशी बोललेय मी. मार्चमध्ये सुतार येणार आहे. खिडकी उघडती करून देणार आहे."

"म्हणजे सुताराच्या सोयीने जीव सोडू मी? बरं. तेवढंच राहिलं होतं."

जानेवारीत तिचा श्वास खालीवर व्हायला लागला. साहेब महिनाभर जर्मनीला गेले होते. आत्याने ठरवलं, सोमवारी सकाळी शेजारच्या सबिनाकाकू नून यांच्या ट्रॅक्टरवर गादी टाकायची आणि आईला त्यांच्या घरी न्यायचं. मरण चार भिंतींतच यायचं असेल तर दुसऱ्या चार भिंतींत येऊ दे.

रविवारी बर्फ सुरू झाला.

सोमवारी सकाळी फाटक दिसत नव्हतं. ट्रॅक्टर निघालाच नाही. सबिनाकाकू शेतातून गुडघाभर बर्फ तुडवत एकट्या आल्या, सत्तर वर्षांची बाई. ओव्हरकोटाच्या खिशात जपमाळ आणि दुसऱ्या खिशात व्हिस्कीची चपटी बाटली.

"दोन्हीपैकी काय लागेल माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी आजी गेली.

आत्याने तिचे डोळे मिटले. कोळसा फोडायचा हातोडा तिने सकाळीच पलंगाखाली आणून ठेवला होता. तो उचलला आणि खिडकीवर घातला.

आतली काच एका घावात गेली. बाहेरचीला तीन घाव लागले.

गार हवा आत आली. दोघीजणी बाजूला होऊन कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. पलंग आणि खिडकीमधली जागा मोकळी. सबिनाकाकूंनी जपमाळ काढली.

बाहेर वारा नव्हता. बर्फ सरळ रेषेत खाली पडत होता.

पाच मिनिटं काही झालं नाही.

मग... पडदा हलला.

आत नाही. बाहेर. कुणीतरी अंगाने सारून पुढे गेल्यासारखा पडदा फुटक्या चौकटीतून बाहेर गेला आणि परत येऊन पडला.

"गेली," काकू म्हणाल्या. "देव तिचं भलं करो."

आत्याला हायसं वाटलं. तिच्या डोळ्यांत तेव्हा कुठे पाणी आलं.

आणि पडदा पुन्हा हलला.

मग पुन्हा.

काकूंची जपमाळ थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग एकदमच दाराकडे. खोलीचं दार आत्याने लोटून घेतलं होतं. ते आता सताड उघडं होतं.

जिन्यावर पावलं वाजत होती.

घाई नव्हती त्यांना. एकामागून एक, रांगेत. एक पाऊल दारातून आत यायचं, फळ्या करकरायच्या, पलंगाच्या पायथ्याशी वळायचं आणि पडदा बाहेर जायचा. मग पुढचं. कधी जड बूट. कधी मण्यांचा आवाज, नन्सच्या कमरेला असतो तसा. एकदा सेंटचा वास आला आणि गेला. एकदा पावलं इतकी हलकी आणि भरभर आली की आत्या पुटपुटली, "डीलियामावशी..."

"किती जण आहेत गं घरात?" काकूंनी विचारलं.

"मोजू नका, काकू."

आत्या पलंगाकडे बघत होती. पलंगापासून एकही पाऊल उठलं नव्हतं. जाणारे सगळे दारातून येत होते.

आणि मग आत्याच्या लक्षात आलं.

थॉर्लींच्या घरात नियम होता. मालकांपैकी कुणी समोरून आलं की मोलकरणीने बाजूला व्हायचं आणि सगळे पुढे जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आजीच्या अंगात तो नियम असा मुरला होता की पुढे सत्तर वर्षं ती दुकानात, चर्चच्या दारात, बसच्या पायरीवर सगळ्यांना "आधी तुम्ही" म्हणत मागे राहायची. आत्या तिच्यावर चिडायची. जग पुढे निघून गेलं, मॅमी, तू भिंतीलाच चिकटून राहा.

आता दोनशे वर्षांचं घर बाहेर पडत होतं. मालक, मालकिणी, नन्स, सगळे. आणि आजी...

पलंगाच्या डाव्या अंगाला भिंतीपाशी फळी करकरली. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकल्यासारखी.

"मॅमी," आत्या म्हणाली, "तू जा ना गं. मध्ये घूस."

फळी करकरली. पडदा दुसऱ्याच कुणासाठी बाहेर गेला.

तीन वाजून दहा मिनिटांनी काकूंनी घड्याळ दाखवलं.

"लावून घे आता."

"अजून चाललेत ते, काकू. तिचा नंबर आला नाही."

"दोन तास झाले, डिम्पना."

"पाच मिनिटं थांबा."

"अगं, दोन तासांनंतर पडदा हलला तर कोण चाललंय आणि कोण आत येतंय, तुला कळणार आहे? मला नाही कळणार. माझ्या आईच्या वेळी आम्ही थांबलो होतो. काय आलं ते मी तुला सांगत नाही. लाव."

काकू कधी आवाज चढवायच्या नाहीत. तेव्हाही चढवला नाही. पण त्यांनी जपमाळ खिशात टाकून बाटली काढली, आणि ते बघून आत्या घाबरली.

तिने इस्त्रीचं टेबल उचललं आणि चौकटीत घट्ट बसवलं. वर गादी लावली. स्वतःच्या हाताने.

पडदा थांबला.

त्या दिवसापासून क्लूनारा शांत झालं. जिन्यात वास नाही, काचांवर टकटक नाही. राऊपाख साहेब परत आले तेव्हा हॉलमध्ये कोट काढून म्हणाले, "घर ऊबदार झालंय. बॉयलर बदलला का?" बॉयलर तोच होता. त्यांनी स्वतः शहरातून माणूस आणून मागच्या खोलीला नवी काच लावून दिली. पुन्हा सील केलेली. आत्याने विरोध केला नाही. बोलून काय उपयोग होता.

फक्त त्या एका खोलीत, पलंगाच्या डाव्या अंगाला, भिंतीपाशी फळी करकरायची.

मांजर तिथून जात नसे. चक्कर घालून जाई.

"उभीच आहे गं ती," आत्या मला एकदा म्हणाली. मी तेव्हा मँचेस्टर सोडून गावी परत आले होते. "पाय दुखत असतील तिचे. तिला शेवटी शेवटी दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं."

मी चहा केला.

आत्याने ते घर सोडलं नाही. गुरांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर कोलमन टॅफे चार वर्षं तिच्यासाठी थांबला होता. भला माणूस, स्वतःचं घर, दात शाबूत. आत्या म्हणाली, "आईला उभं टाकून मी संसार मांडू?" त्याने शेवटी स्लायगोची मास्तरीण केली.

राऊपाख साहेब गेले, घर डब्लिनच्या एका बिल्डरने घेतलं. त्याने हॉलमध्ये गरम पाण्याचा फवाऱ्याचा टब बसवला आणि पाच वर्षांत त्याचं दिवाळं वाजलं. मग घर बँकेकडे गेलं. वीज तोडली. आत्या तीन हिवाळे त्या अठ्ठावीस खोल्यांत मेणबत्तीवर राहिली. मग हॉटेलवाले आले. प्रत्येक मालकाला तिने एकच सांगितलं, "बाकी पाडा, बांधा, नाचा. मागच्या खोलीला हात लावू नका." मालक हसायचे आणि कबूल व्हायचे. ती घराबरोबरच विकली जायची, जिन्याच्या कठड्यासारखी.

हॉटेलवाल्यांनी एकच केलं. आगीच्या नियमासाठी त्या खोलीला उघडणारी खिडकी बसवली.

आत्याने त्याच संध्याकाळी कडीला तार गुंडाळली.

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं. मी तसं बोलूनही दाखवलं.

"खिडकी कुणी गेल्यावर उघडायची असते, नोरीन. उगाच उघडून काय होतंय? चिमण्या येतील."

"मग तुझ्या वेळी उघडू. दोघी बरोबर जा."

तिने तारेचा आणखी एक पीळ आवळला.

"माझ्या वेळी उघडायची नाही," ती म्हणाली.

"आत्या, डोकं ठिकाणावर आहे का?"

"मी गेले आणि ती पुन्हा मागे राहिली तर? तिला सवय आहे ती. 'आधी तू जा' म्हणेल. मग तिला बस म्हणायला इथे कोण आहे? तू?" तिने माझा हात धरला. "मी आतच राहते. तिला बसवते. शब्द दे."

मी शब्द दिला. मरणाचं बोलणाऱ्या माणसाला कुणी नाही म्हणत नाही.

२०१९च्या नोव्हेंबरात, सकाळी साडेदहाला, त्याच पलंगावर आत्या गेली. खोलीत मी होते आणि हॉटेलची स्वयंपाकीण कन्सेप्टा. आमची दोघींची जुनी ओळख.

कन्सेप्टा लगेच खिडकीकडे निघाली. मी आडवी आले.

"सरक ना. तार मी तोडते."

"उघडायची नाही. तिनेच सांगितलंय."

"मेलेल्याच्या वाटेत उभी राहतेस? नोरीन, हे बरं नाही."

"दोन तास कुणी हात लावायचा नाही," मी म्हणाले आणि काचेला पाठ टेकून उभी राहिले. पलंग समोर. खिडकी मागे. मध्ये मी.

कन्सेप्टा क्रुसाची खूण करत खाली निघून गेली.

पहिला अर्धा तास काही नाही.

मग भिंतीपाशी फळी करकरली... आणि थांबली.

आणि मग माझ्या छातीला काहीतरी लागलं.

धक्का नव्हता तो. प्रार्थना संपल्यावर बाकावरून एखाद्याला बाहेर जायचं असतं, आपण वाटेत बसलेलो असतो, तो हळूच टेकतो ना, तसं. अदबीने. जरा सरकता का.

मी सरकले नाही.

पुन्हा टेकलं. यावेळी जोरात. माझ्या पाठीला खिडकीची कडी रुतली. खोलीत कुणी नव्हतं. पलंगावर आत्या होती, डोळे मिटलेली, मीच मिटलेले.

मला वाटलं, आजी असेल. इतक्या वर्षांनी हिंमत केली असेल. पण तिला सोडलं तर आत्या आत एकटी राहील. किंवा आत्याच असेल. ऐनवेळी मन बदललं असेल. मला कळेना. कोण आहे हे विचारायला तोंड उघडेना. मला एवढंच कळत होतं की मी शब्द दिलाय.

तिसऱ्यांदा टेकलं ते अगदी हळू. मग गेलं.

साडेबाराला मी बाजूला झाले. माझ्या पाठीवर कडीचा व्रण आठवडाभर होता. माझ्या नवऱ्याने पाहिलाय.

वर्षभराने हॉटेलवाल्यांनी त्या खोलीला भिंतीचा कागद लावला, दारावर चौदा नंबर लावला आणि ती भाड्याने द्यायला लागले. एका सकाळी मी तिथे जाऊन अर्धा तास बसले. भिंतीपाशी उभी राहिले. फळी गप्प. पायाने दाबली तरी वाजली नाही. आजी तिथे उभी नव्हती.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लिमरिकचे नवराबायको होते. त्यांना आमच्या घरातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. न्याहारीला बाई कन्सेप्टाला म्हणाली, "शेजारच्या खोलीत कुणी आजारी म्हातारी आहे का? पहाटेपासून आईला हाका मारतेय. कुणीतरी जाऊन बघा ना तिच्याकडे."

चौदा नंबरला शेजार नाही. ती घराची शेवटची खोली.

त्यानंतर आतापर्यंत सात जणांनी हेच सांगितलंय. म्हाताऱ्या बाईचा आवाज. "मॅमी... मॅमी..." रडत नाही, ओरडत नाही. घरात कुणाला तरी शोधत फिरावं तसा आवाज.

मी कन्सेप्टाला सांगून ठेवलंय, कुणी तक्रार केली की त्यांना एवढंच विचार. हाकेला कुणी ओ देतं का?

ती प्रत्येकाला विचारते. रोज दुपारी बस घेऊन त्या फाटकावरून जाताना मी वेग कमी करते, ती स्वयंपाकघराच्या दारात आली तर तिच्याकडे बघते.

ती मान हलवते. नाही.